ओट्याची उंची

१९९३ साली आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. स्वयंपाकघराचा ओटा बांधायचा होता त्या दिवशी गवंड्याने मला उंची विचारली. मी बँकेतला अधिकारी. आकडा आला की निर्णय आपण घ्यायचा, ही सवयच. सगळीकडे असतो तेवढा ठेव, असं सांगून मी मोकळा झालो. त्या ओट्यापाशी रोज चार-पाच तास जी उभी राहणार होती, ती माझी पत्नी त्या वेळी शेजारच्या खोलीत पडद्यांची मापं घेत होती. तिची उंची चार फूट दहा इंच. तिला विचारावं, असं ना गवंड्याला सुचलं ना मला.

पुढची जवळजवळ तीस वर्षं ती एका लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती. तो पाट मी रोज पाहत होतो. माझ्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिचा उजवा खांदा धरला. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, तो ओट्याच्या उंचीचा. मी तिथे पुरता ओशाळलो.

त्याच सुमारास एका कादंबरीच्या निमित्ताने मी कारखान्यातल्या कामाच्या पद्धतींविषयी वाचत होतो. त्या वाचनात अमेरिकेतल्या एका बाईंची गाठ पडली. त्यांचं नाव लिलियन गिलब्रेथ. काम करणाऱ्याला आधी विचारावं, त्याचे हात-पाय कसे चालतात ते पाहावं आणि मग टेबल, यंत्र, खोली बदलावी, हे आज व्यवस्थापनाच्या वर्गांत नवं म्हणून शिकवलं जातं. लिलियनबाईंनी ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

त्यांचा जन्म १८७८चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. घर सुखवस्तू, मुलगी लाजाळू. बर्कलीच्या विद्यापीठातून त्या १९०० साली पदवीधर झाल्या आणि तिथल्या पदवीदान समारंभात भाषण करणारी पहिली स्त्री ठरल्या. १९०४ साली त्यांनी फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी लग्न केलं. हा गृहस्थ कॉलेजात गेलेला नव्हता. सतराव्या वर्षी तो विटा रचायला शिकायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गवंडी वेगळ्या तऱ्हेने वीट रचतो. शिकवताना त्याची एक तऱ्हा, घाईत असताना दुसरी. दर विटेसाठी गवंडी जमिनीपर्यंत वाकतो, हेही त्याने पाहिलं. मग त्याने भिंतीबरोबर वर चढणारी पराती बनवली आणि विटा हाताच्या उंचीवर ठेवण्याची सोय केली. एका विटेमागच्या अठरा हालचाली साडेचारवर आल्या. तासाला १२० विटा रचणारा गवंडी ३५० रचू लागला.

फ्रँकचं लक्ष हालचालींवर होतं. हालचाल करणाऱ्या माणसाचं मन लिलियनबाईंनी त्यात आणलं. त्या काळी फ्रेडरिक टेलर यांच्या स्टॉपवॉचचा कारखान्यांत दबदबा होता. कामगाराच्या पाठीमागे घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि वेळ मोजायचा. गिलब्रेथ दांपत्याने सिनेमाचा कॅमेरा आणला, हालचालींचे बारीक तुकडे पाडले आणि त्या तुकड्यांना स्वतःचंच आडनाव उलटं करून थर्ब्लिग असं गमतीदार नाव दिलं. पण चित्रफितीत थकवा दिसला तरी त्याचं कारण दिसत नाही. बाईंचा अभ्यास त्या कारणाचा होता. बसायला खुर्ची आहे का, उजेड पुरेसा आहे का, मध्ये विसावा मिळतो का, सुधारणा सुचवली तर ती कोणी ऐकतं का, हे त्या पाहत. प्रॉव्हिडन्स गावातल्या एका कारखान्यात दोघांनी १९१२पासून हे सगळं राबवलं. कामगारांनी सूचना द्याव्यात, अशी पद्धत तिथे घातली.

बर्कलीला त्यांनी लिहिलेला प्रबंध मान्य झाला, पण विद्यापीठात येऊन राहण्याची अट पुरी होत नाही म्हणून पदवी मिळाली नाही. तो १९१४ साली पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रकाशकाने लेखकाच्या जागी फक्त आद्याक्षरं आणि आडनाव छापलं. लिहिणारी बाई आहे हे कळलं तर पुस्तक कोण घेणार! त्यांनी दुसरा प्रबंध लिहिला आणि १९१५ साली ब्राऊन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. या सगळ्या वर्षांत घरात पाळणा हलतच होता. एकंदर बारा मुलं झाली. एक मुलगी १९१२ साली घटसर्पाने गेली.

१४ जून १९२४ या दिवशी फ्रँक रेल्वे स्टेशनवरून घरी फोन करत असताना हृदयविकाराने कोसळले. लिलियनबाई शेहेचाळीस वर्षांच्या, पदरात अकरा मुलं, धाकटी दोन वर्षांची. फ्रँक युरोपातल्या दोन परिषदांना निघणार होते. काही दिवसांतच बाई त्यांच्या जागी बोटीत बसल्या आणि लंडन व प्राग इथे जाऊन बोलून आल्या. परतल्यावर खरा धक्का बसला. वर्षानुवर्षं सल्ला घेणाऱ्या कंपन्यांनी एकामागून एक करार संपवले. नवऱ्याबरोबर बाईचा सल्ला चालत होता, एकट्या बाईचा नको होता.

मग त्यांनी बाईपणाचाच उपयोग केला. जिथे स्त्रिया काम करतात आणि जिथे माल स्त्रियांना विकायचा असतो, तिथे त्यांना बोलावणी येऊ लागली. न्यूयॉर्कच्या मेसी या प्रचंड दुकानात त्या स्वतः विक्रेती म्हणून काउंटरमागे उभ्या राहिल्या. डोळे शिणतात म्हणून दिव्यांची मांडणी बदलली आणि एकच विक्री दोनदा नोंदवण्याचं काम बंद केलं.

इथे मला माझी शाखा आठवते. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी मॅनेजर होतो. मुख्यालयातून आलेल्या नकाशाप्रमाणे टेबलं मांडली होती. व्हाउचर पास करून घ्यायला कारकुनाला दर वेळी उठून वळसा घालावा लागे. एका सकाळी आमच्या शिपायाने आपल्या मनाने मधलं टेबल फिरवून ठेवलं. बसल्या जागेवरून व्हाउचर पुढे सरकवता येऊ लागलं आणि खिडकीवरची रांग दुपारपर्यंत संपली. मी काय केलं? नकाशात नाही म्हणून टेबल पुन्हा जागेवर ठेवायला लावलं. तो काही बोलला नाही. त्यानंतर त्याने कधी काही सुचवलंही नाही. ही बोच अजून गेलेली नाही.

१९२९ साली ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी लिलियनबाईंनी नमुन्याचं स्वयंपाकघर तयार केलं. स्ट्रॉबेरीचा केक जुन्या मांडणीत आणि नव्या मांडणीत करून पाहिला. पावलं मोजली, तर जुन्या मांडणीत २८१ आणि नव्या मांडणीत ४५. शेगडी, कपाट, कामाचं टेबल हाताशी आणलं होतं. ओट्याची उंची तिथे काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे असावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे जनरल इलेक्ट्रिकसाठी त्यांनी चार हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून शेगड्यांच्या आणि सिंकच्या योग्य उंचीचा शोध घेतला. पायाने उघडणारा केराचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं. नंतर हृदयविकार असलेल्या आणि अपंग स्त्रियांना झेपतील अशी स्वयंपाकघरं त्यांनी आखली. गंमत म्हणजे बाईंना स्वतःला स्वयंपाक बेताचाच येत असे. आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी इतक्या जणींना विचारलं असावं.

या शास्त्राची दुसरी बाजूही विसरू नये. वाचवलेली मिनिटं कोणाच्या खात्यात जमा होतात, हा प्रश्न कामगार संघटना तेव्हाही विचारत होत्या. मालकाने ती आणखी काम काढायला वापरली, तर कामगाराच्या पदरी तोच थकवा. थकवा कमी झाला नाही तर सुधारणा खरी नव्हे, हे बाईंनी लावून धरलं. सगळ्या मालकांनी ते ऐकलं असं म्हणता येणार नाही.

१९३५ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्याही पहिल्याच. २ जानेवारी १९७२ रोजी त्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

खांदा बरा झाल्यावर मी पत्नीला म्हटलं, ओटा तोडून खाली घेऊ. स्वतःच्या या शहाणपणावर मी खूश होतो. तिने विचारलं, आधी मला काय हवं ते तरी ऐकणार का? तिला पहिल्यांदा दिवा हवा होता. दिवा मागच्या भिंतीवर असल्याने तीस वर्षं ती आपल्याच सावलीत भाजी चिरत होती. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दिवा आधी लागला, ओटा मागून उतरला. उंची तिने स्वतः टेप धरून गवंड्याला सांगितली. संध्याकाळचा चहा आता मी करतो. तो ओटा मला चांगलाच ठेंगणा पडतो आणि पाठीत वाकावं लागतं. त्याबद्दल मी अजून तक्रार केलेली नाही.