गॅरी किल्डॉल : कॉम्प्युटरला प्रश्न विचारायला लावणारा माणूस

बॅच फाईल चालता चालता मध्येच थांबते आणि वाय की एन असं विचारते, हे आपण लॅबमध्ये शंभरदा पाहिलंय. मोठ्या कॉम्प्युटरवर असे प्रश्न आधीही असत. पण टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर ते आणण्यात एका माणसाचा मोठा वाटा होता. बिल गेट्स शेंबड्या पोरालाही माहीत, पण गॅरी किल्डॉल? म्हणूनच हा लेखप्रपंच!

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. घरची शाळा होती, जहाजांना दिशा कशी दाखवायची हे शिकवणारी. तरुणपणी तेही तिथे शिकवायचे. १९७२ मध्ये पीएचडी झाली, मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या कॉलेजात नोकरी सुरू होती. इंटेलचे नवे मायक्रोप्रोसेसर हाती आले आणि १९७४ मध्ये त्यांनी सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. पत्नी डोरोथी यांच्यासोबत डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली.

सीपीएममध्ये सबमिट कमांडनं फाईलमधल्या कमांड्स ओळीनं चालत, म्हणजे आपल्या बॅच फाईलसारखंच. सगळ्या फाईल्स पुसायला सांगितलं तर सीपीएम आधी थांबून विचारायची, खरंच सगळ्या का? मग वाय किंवा एन. पण डिस्क खराब निघाली तर नुसता त्रोटक संदेश यायचा. एन्टर दाबलं तर दुर्लक्ष करून पुढे, कंट्रोल-सी दाबलं तर काम बंद. आणि हे स्क्रीनवर लिहिलेलंच नसे! पुढे डॉसनं थांबवू, पुन्हा करू की सोडून देऊ, असे पर्याय नावानिशी दाखवले.

ही डॉस आली कुठून? १९८० मध्ये आयबीएमची माणसं डिजिटल रिसर्चकडे आली, तेव्हा किल्डॉल विमान घेऊन दुसऱ्या कामाला गेले होते. गुप्ततेच्या करारावरून बोलणी अडली. मग सिअ‍ॅटलच्याच टिम पॅटरसन यांनी सीपीएमच्या धर्तीवर लिहिलेली सिस्टीम मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. तीच डॉस. नंतर आयबीएमनं दोन्ही विकायला ठेवल्या, पण डॉस ४० डॉलरला आणि सीपीएम २४० ला! निकाल सांगायला नकोच.

१९९३ मध्ये डॉस ६ सोबत चॉईस ही कमांड आली आणि बॅच फाईललाही सहज प्रश्न विचारता येऊ लागला. पुढच्याच वर्षी, ११ जुलै १९९४ ला, डोक्याला इजा होऊन किल्डॉल वारले. वय अवघं ५२.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्यातली गोष्ट. वसमतला माझे मामा हळदीचा व्यापार करतात. त्यांच्या हिशोबासाठी मी बॅच फाईल लिहिली. १ दाबलं की हिशोब पेन ड्राईव्हवर जातो, २ दाबलं की पेन ड्राईव्हवरचा जुना हिशोब कॉम्प्युटरवर येतो. चुकून २ दाबलं तर आजच्या सगळ्या नोंदी गेल्या! म्हणून २ नंतर पुन्हा विचारते, आजच्या नोंदी जातील, चालेल का? वीस सेकंद उत्तर नाही आलं तर नाही असंच समजायचं. चॉईसला देवनागरी अक्षरं चालत नाहीत, म्हणून आकडे ठेवले आणि प्रश्न रोमन अक्षरांत, पण मराठीत. आणि ज्युनिअर्स, एररलेव्हल तपासताना मोठा आकडा आधी घ्या. एररलेव्हल १ ची अट २ आलं तरी खरी ठरते, म्हणजे दोन्ही उत्तरं एकाच वाटेला!

कीबोर्डपुढे बसलेला माणूस आपल्यासारखा इंजिनिअर नसतो. कळ तो दाबतो, नुकसानही त्याचंच होतं. म्हणून काय दाबलं तर काय होईल, हे त्याला त्याच्या भाषेत आधी सांगणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम आहे. किल्डॉल यांच्या सिस्टीमनं फाईल्स पुसण्याआधी थांबून विचारलं. प्रश्न नीट समजेल असा विचारायची जबाबदारी आता आपली!