बाबासाहेब आणि बहुमताचे गणित

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हणजे तीत परमपूज्य बाबासाहेबांवर लेख असणारच. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, महाडचे पाणी, नागपूरची दीक्षा, हे आमच्या वस्तीतल्या लहान लेकरालेही तोंडपाठ आहे. म्हणून यंदा आम्ही ते सगळे पुन्हा लिहीत नाही. रविवारच्या वंदनेनंतर आमची कॉलेजात जाणारी पोरे एक प्रश्न हमखास काढतात आणि त्यावर आम्हा मोठ्यांचीच तोंडे दहा दिशांना होतात. ज्या काँग्रेसशी बाबासाहेब वीस वर्षे भांडले, तिच्याच मंत्रिमंडळात ते १९४७ साली बसले कसे? आणि बसले, तर चार वर्षांनी उठून का आले?

उत्तर शोधायला बसलो तर त्यांचे सगळे राजकीय आयुष्यच उलगडावे लागले. आणि त्यात आपला वऱ्हाड मधूनमधून येतो, ही गोष्ट आमच्यापैकी पुष्कळांना माहीत नव्हती.

बाबासाहेब कायदेमंडळात पहिल्यांदा गेले ते १९२७ साली, मुंबई कायदे कौन्सिलात, आणि तेही सरकारनियुक्त सभासद म्हणून. मागे पक्ष नाही, मतदार नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते अमरावतीला आले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि अध्यक्ष तेच होते. परिषद चालू असतानाच त्यांचे वडील बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी आली. तरी त्यांनी परिषद अर्ध्यावर सोडली नाही. अमरावतीत जुनी माणसे अंबादेवीच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगत, पण ही भावाच्या मरणाची गोष्ट सांगायची बहुतेक राहून जाई.

पुढे गोलमेज परिषद झाली, पुणे करार झाला. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या कराराने प्रांतांच्या कायदेमंडळांत अस्पृश्यांना १४८ जागा मिळाल्या, त्यांतल्या २० आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या. जागा वाढल्या खऱ्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. उमेदवार आपला, मते सगळ्या गावाची. आपली मते थोडी, गावाची जास्त. म्हणजे आपल्या माणसांना जो नको तोच आपल्या नावाने निवडून यायचा. पुढचे सारे राजकारण समजायला ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आणले. नव्या पक्षाला हे यश मोठेच. पण सभागृह १७५ जणांचे. १४ जणांनी सरकार बनत नाही. दुसऱ्याचे सरकार काठावर असेल तरच त्यांचे मोल वाढते.

तशी वेळ लगेच आली होती. काँग्रेस बऱ्याच प्रांतांत जिंकली, पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत असे आश्वासन मिळेपर्यंत सत्ता घेणार नाही म्हणून अडून बसली. मग गव्हर्नरांनी १ एप्रिल १९३७ रोजी बहुमत नसलेली मंत्रिमंडळे बसवली. मुंबईत सर धनजीशा कूपर, नागपुरात राघवेंद्र राव. राघवेंद्र रावांच्या मंत्रिमंडळात आपल्या अमरावतीचे बाळकृष्ण गणेश खापर्डेही होते. ११२ जणांच्या सभागृहात काँग्रेसचे ७० आणि राज्य करणार दुसरेच! ही मंत्रिमंडळे टिकली, कारण सभागृहाची बैठकच बोलावली गेली नाही. बैठक झाली असती तर पहिल्याच दिवशी पडली असती. जुलैत काँग्रेस तयार झाली आणि हे बिनबुडाचे संसार मोडले.

बाबासाहेब कूपर यांच्या मंत्रिमंडळात गेले नाहीत. मंत्र्याची खुर्ची तीन महिन्यांची असती आणि डाग जन्मभराचा, असे आम्हाला वाटते. ते विरोधी बाकावर बसले, खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, महार वतनाचा प्रश्न लावून धरला. १९३८ साली कामगारांच्या संपावर बंधने घालणारा कायदा आला तेव्हा ७ नोव्हेंबरचा संप त्यांनी कम्युनिस्टांच्या बरोबर केला. कम्युनिस्टांशी त्यांचे पटत नव्हते हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या एका प्रश्नापुरते दोघे एका मंचावर आले. युती म्हणजे काय हे आजच्या पोरांना समजावायला आम्ही हेच उदाहरण देतो. ज्या कामासाठी हातात हात घेतला ते काम लोकांना दिसले पाहिजे.

आता नागपूरची १९३८ ची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तीत अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. राघवेंद्र रावांनंतर काँग्रेसचे डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात अकोल्याचे पु. ब. गोळे आणि अमरावतीचे रामराव देशमुख होते. हिंदी महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता होते. पक्ष एकच, पण मराठी आणि हिंदी असे दोन गट, आणि दोघांचे एकमेकांशी जमेना. मे महिन्यात पचमढीला समेट झाला, तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैला खरे, गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले. महाकोशलचे तिघे राजीनामा देईनात. गव्हर्नर वायली यांनी त्यांना रातोरात काढून टाकले आणि दुसऱ्या दिवशी खऱ्यांनीच नवे मंत्रिमंडळ बसवले. त्या नव्या मंत्रिमंडळात रामेश्वर अग्निभोज हे अस्पृश्य समाजाचे गृहस्थ मंत्री होते.

काँग्रेसच्या श्रेष्ठींना हे खपले नाही. गव्हर्नरशी संधान बांधून सहकाऱ्यांना काढले, असा खऱ्यांवर ठपका आला. दोनतीन दिवसांत खऱ्यांना राजीनामा द्यावा लागला, वर्ध्याला कार्यकारिणीने त्यांचा निषेध केला, महिनाअखेर शुक्लांचे मंत्रिमंडळ आले आणि अग्निभोज गेले. नव्या मंत्रिमंडळात अस्पृश्य मंत्री नव्हता.

पुढे खरे जाहीर सभांतून सांगत फिरले की, अस्पृश्याला मंत्री केले हाच आपला खरा गुन्हा ठरला आणि गांधीजींना ते आवडले नाही. बाबासाहेबांनी हे १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवले आणि गांधीजींनी ते कधी खोडून काढले नाही, हेही लिहिले. खऱ्यांच्या बोलण्यात राग किती आणि खरे किती, हे आज कोण ठरवणार? (आडनाव खरे असले म्हणून काही होत नाही.) ते पुढे हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना अस्पृश्यांचा केवढा कळवळा होता हाही प्रश्नच आहे. आम्हाला त्यात दुसरेच दिसते. भांडण मराठी गटाचे आणि हिंदी गटाचे. त्यात एका बाजूला आपले वजन वाढवायचे होते, म्हणून आपला एक माणूस वर उचलला गेला. डाव फिरला तसा तो खाली ठेवला गेला. अग्निभोजांना मंत्रिपद आपल्या समाजाच्या मतांनी दिले नव्हते, म्हणून ते वाचवायला समाजाजवळ काही साधनही नव्हते. ते पुढे १९४६ नंतर शुक्लांच्याच मंत्रिमंडळात मंत्री झाले, हे सांगितले पाहिजे.

१९३९ साली महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. चार वर्षे ते खाते त्यांनी सांभाळले.

मग १९४६ ची निवडणूक आली आणि फेडरेशन पार झोपले. साऱ्या देशात दोन जागा: एक बंगालात, एक आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. संयुक्त मतदारसंघाचे गणित वर सांगितलेच आहे. घटना समितीचे सभासद प्रांतांचे आमदार निवडणार होते आणि मुंबईत बाबासाहेबांचा एकही आमदार नव्हता. इंग्रज सरकारनेही काँग्रेसलाच अस्पृश्यांचा प्रतिनिधी धरले. घटना लिहिणारा माणूस घटना समितीच्या दाराबाहेर उभा होता, हे आज पोरांना खरे वाटत नाही.

दार उघडले बंगालने. तिथले फेडरेशनचे आमदार जोगेंद्रनाथ मंडल यांनी आणि त्यांनी जमवलेल्या आमदारांनी बाबासाहेबांना निवडून दिले. त्याच मंडलांना मुस्लिम लीगने पुढे हंगामी सरकारात आपल्या वाट्याच्या जागेवर मंत्री केले. काँग्रेसने जगजीवनराम दिले होते, लीगने मंडल दिले. दोन मोठे पक्ष आपापल्या ताटात एकेक अस्पृश्य वाढून घेत होते, असे म्हटले तर कडू लागेल, पण तसेच होते. मंडल पाकिस्तानात मंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परत आले.

फाळणीत बाबासाहेबांची बंगालची जागा गेली. तोपर्यंत घटना समितीतले त्यांचे काम सगळ्यांनी पाहिले होते. मुंबईची बॅ. जयकरांची जागा रिकामी झाली होती. तिथून त्यांना निवडून आणावे असे राजेंद्रप्रसादांनी मुख्यमंत्री खेरांना कळवले आणि काँग्रेसच्या मतांनी ते परत आले. ऑगस्टात कायदामंत्री झाले, महिना संपायच्या आत मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

आता पोरांच्या प्रश्नाकडे येऊ. स्वतंत्र भारताचे पहिले मंत्रिमंडळ एकट्या काँग्रेसचे नव्हते. श्यामाप्रसाद मुखर्जी होते, षण्मुखम चेट्टी होते, काँग्रेसबाहेरची माणसे होती. बाबासाहेब काँग्रेसचे सभासद न होता आत गेले आणि फेडरेशनचेच राहिले. मात्र त्यांच्यामागे मोजायला आमदार-खासदार नव्हते, आणि संख्या नसलेल्या मंत्र्याला सरकार पाडण्याची भीती घालता येत नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात: काम करणे आणि राजीनामा देणे. बाबासाहेबांनी दोन्ही केल्या. घटना पुरी करून दिली. हिंदू कोड बिल अडले, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष होते आहे असे त्यांना दिसले, आर्थिक खाते किंवा महत्त्वाच्या समित्या त्यांना मिळाल्या नाहीत, परराष्ट्र धोरणही पटेना. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. ११ ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला उभे राहिले, तर त्यांना ते लगेच वाचू दिले नाही. ते बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना देऊन टाकले.

आमच्यातल्या काहींचे म्हणणे, त्यांनी निवडणुकीपर्यंत थांबायला हवे होते; चारसहा महिन्यांचाच तर प्रश्न होता. आम्हाला हे पटत नाही. हिंदू कोड बिल ज्या बायांसाठी होते, त्यांना या राजीनाम्याने निदान एवढे कळले की आपल्यासाठी कोणीतरी मंत्रिपद सोडले.

त्याची किंमत मोठी होती. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाशी युती करूनही ते मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब आठ हजारांच्या वर मतांनी पडले. फेडरेशनच्या कार्यकर्त्यांचा विचार होता की, आपल्या माणसांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, वाया घालवावे. बाबासाहेबांनी ते होऊ दिले नाही. घटना लिहिणाऱ्यानेच मत वाया घालवा म्हणून सांगायचे, हे त्यांना मान्य नव्हते. आपल्या माणसांची मते मेहतांना मिळाली, मेहतांच्या बाजूची बाबासाहेबांकडे पुरेशी फिरली नाहीत. विदर्भातली म्हातारी माणसे ही गोष्ट सांगताना आवाज खाली करत.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली. फेडरेशन मोडून सगळ्या दलित-शोषितांचा मोकळा पक्ष काढायचा, हा विचार त्याच महिन्यांतला, त्यासाठी डॉ. लोहियांशी पत्रव्यवहारही झाला होता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तो ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपुरातच. पुढे त्याचे किती तुकडे झाले, ते आमच्या वस्तीतल्या भिंतींवर दर निवडणुकीत वाचायला मिळत असे.

एकदा ते तुकडे जवळ आले. १९९८ साली काँग्रेसशी समझोता करून चार रिपब्लिकन पुढारी लोकसभेत गेले: अमरावतीहून दादासाहेब गवई, अकोल्याहून बाळासाहेब आंबेडकर, चिमूरहून जोगेंद्र कवाडे, मुंबईहून रामदास आठवले. चारही जागा खुल्या. बाबासाहेब राखीव जागेवरही निवडून येऊ शकले नव्हते, आणि आता त्यांचा नातू आणि दारापूरचे गवई खुल्या जागेवर! १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींच्या आघाडी सरकारने विश्वासाचा ठराव मांडला. आम्ही टीव्हीपुढे दाटीने बसलो होतो. ठरावाच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०. सरकार एका मताने पडले, आणि आपल्या वऱ्हाडाची दोन मते त्या २७० मध्ये होती. कोणी म्हणे आपल्या अमरावतीच्या मताने पडले, कोणी म्हणे अकोल्याच्या.

पण पाडणाऱ्यांना दुसरे सरकार बनवता आले नाही. लोकसभा विसर्जित झाली, काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी वेगळी निघाली, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत अकोला राहिला, अमरावती गेली. ते सरकार पाडून आपल्याला काय मिळाले, हा पोरांचा दुसरा प्रश्न आहे. त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. झाले तर पुढच्या स्मरणिकेत लिहू.