कॉलेजवाला नव्हे, लेणीवाला फर्ग्युसन! निळीच्या या व्यापाऱ्यानं जगाला अजिंठा वाचायला दिला

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन गुहामंदिरं आहेत. तिथं किंवा अजिंठ्याला गेलं की आपण फोटो काढतो, रील टाकतो. पण रील नव्हतं, तेव्हा लेण्यांची गोष्ट जगाला सांगितली कुणी?

त्यातलं एक मोठं नाव म्हणजे जेम्स फर्ग्युसन. पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन वेगळे. हे लेणीवाले.

त्यांचा जन्म १८०८ चा, स्कॉटलंडमधल्या एअर गावचा. कलकत्त्याला येऊन त्यांनी निळीच्या धंद्यात पैसा कमावला. वास्तुशास्त्राची पदवी नव्हती, पण जुन्या इमारतींचं वेड होतं. धंदा सोडून ते देशभर फिरले. १८३९ मध्ये अजिंठ्याला पोहोचले. तेव्हा अजिंठा आणि परभणी दोन्ही निजामाच्या राज्यात होते.

लेण्यांची अवस्था वाईट होती. चित्रं खराब होत होती, येणारेजाणारे त्यांचे तुकडे काढून नेत होते. १८४३ मध्ये फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवर निबंध वाचला. सोसायटीनं ईस्ट इंडिया कंपनीकडे पाठपुरावा केला आणि १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल अजिंठ्याला आले.

१८४५ मध्ये फर्ग्युसन यांचं लेण्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. १८६४ मध्ये गिल यांचे फोटो आणि फर्ग्युसन यांची माहिती असं पुस्तक निघालं. ज्याला भारतात येणं शक्य नव्हतं, त्यालाही घरबसल्या लेणी दिसली. १८८० मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासोबतचा मोठा ग्रंथ आला.

पण दुसरी बाजूही आहे. दगडावरच्या कलेवर प्रेम करणाऱ्या या माणसाला भारतीय अभ्यासकाची बरोबरी मात्र सहन झाली नाही. राजेंद्रलाल मित्र यांनी त्यांच्या मतांना आव्हान दिलं, तेव्हा १८८४ मध्ये त्यांनी मित्रांवर टीका करणारं पुस्तकच काढलं. १८८६ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

फर्ग्युसन यांची अनेक मतं पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. पण लेण्यांबद्दल लिहिलं गेलं, म्हणून ती जपायची हालचाल झाली, हे खरंच. नेमगिरीला गेलात तर फोटोसोबत चार ओळी माहितीच्याही टाका.