पोलाद सोडून गेलेला मुलगा

येडगाव धरणावर फिरायला गेलात, तर परत येताना नारायणगावहून खोडदकडे वळा. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हीच ती जगप्रसिद्ध जीएमआरटी दुर्बीण. तबकडी म्हणजे अखंड पत्रा असेल असं वाटतं, पण ती स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो. ही दुर्बीण उभारली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं, आणि ती संस्था काढली होमी भाभांनी. गंमत म्हणजे या माणसानं तरुणपणी पोलादाकडेच पाठ फिरवली होती.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत होमीचा जन्म झाला. घर सुखवस्तू पारशी. आत्या मेहरबाई सर दोराबजी टाटांच्या पत्नी. जमशेदपूरचा पोलाद कारखाना टाटांचाच. त्यामुळे पोराचं पुढचं आयुष्य घरच्यांनी आखूनच ठेवलं होतं : केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचं आणि जमशेदपूरला रुजू व्हायचं. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेला. तिथं भौतिकशास्त्रात नवं जग उघडत होतं आणि त्याचं मन त्यातच अडकलं. त्यानं वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं, की इंजिनीअरिंगमध्ये आपला जीव रमत नाही. वडिलांनी नाही म्हटलं नाही, पण अट घातली : आधी इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शिक. १९३० मध्ये होमीनं तो आणला आणि मग तो गणित-भौतिकीकडे वळला. जमशेदपूर राहिलं ते राहिलंच.

पुढची वर्षं झपाट्याची होती. १९३५ मध्ये डॉक्टरेट. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित त्यांनी मांडलं. ते आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवतात. १९३९ मध्ये सुटीला घरी आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. ते बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत रुजू झाले. १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली, १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली.

मधे १९५५ चा ऑगस्ट. जिनिव्हात अणूच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली होती आणि अध्यक्ष होते भाभा. तिथं त्यांनी एक धाडसी भाकीत केलं. सूर्यात अणू एकमेकांत मिसळून जी ऊर्जा निघते, ती फ्युजनची ऊर्जा ताब्यात घेण्याची युक्ती माणसाला २० वर्षांत सापडेल. म्हणजे १९७५ पर्यंत.

भाकीत चुकलं. पहिलं कारण प्लाझ्माचं. कोट्यवधी अंश तापलेला तो वायू चुंबकाच्या जोरावर धरून ठेवणं भलतंच अवघड निघालं. दुसरं कारण तेच, जे भाभा मागे सोडून आले होते : पोलाद. ड्युटेरियम आणि ट्रिटियम एकत्र आले, की १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो थेट भट्टीच्या भिंतीत घुसतो, पोलादातल्या अणूंना जागेवरून हुसकावतो, आत हेलियम तयार करतो. पोलाद ठिसूळ होतं. वर प्रचंड उष्णता. त्यात नेहमीच्या पोलादातलं मॉलिब्डेनम, नायोबियम दीर्घकाळ किरणोत्सारी होऊन बसतं.

यावर उपाय शोधणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, हैदराबादची मिधानी आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांनी मिळून खास पोलाद बनवलं. त्यात साधारण ९ टक्के क्रोमियम आहे. मॉलिब्डेनम-नायोबियमच्या जागी १.४ टक्के टंगस्टन आणि अगदी चिमूटभर, ०.०६ टक्के टँटलम. अशा पोलादाची किरणोत्सारिता साधारण १०० वर्षांत पुष्कळच उतरते. पण सुमारे ५५० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची ताकद ढासळते, म्हणून पोलादात यिट्रियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत.

हे पाहायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं, त्यात ते गेले. वय अवघं ५६. पण माणसं निवडून ठेवली होती. धातुशास्त्रज्ञ ब्रह्म प्रकाश यांना त्यांनी ट्रॉम्बेला आणलं आणि १९५९ मध्ये तिथं शुद्ध युरेनियम धातूची पहिली वडी तयार झाली. स्टॅनफर्डमधल्या गोविंद स्वरूप यांना बोलावून घेतलं. पुढे त्यांनीच खोडदच्या तारांच्या तबकड्या उभ्या केल्या. स्वतःला पोलादात रस नसला, तरी धातू जाणणारी माणसं लागणार हे भाभांनी ओळखलं होतं.

इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला सगळे कॉम्प्युटरकडे धावतात आणि मेटलर्जी मिळाली की तोंड पडतं. तुमचंही पडलं असेल, तर एवढं लक्षात ठेवा : भाभांनी दिलेली मुदत उलटून कितीतरी वर्षं झाली आणि ती भिंत अजून पूर्ण व्हायची आहे.