बुचाच्या आतली गोष्ट : लुई पाश्चर

मेसमधल्या दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड हा शब्द आपण रोज बघतो. मला वाटायचं, ही पद्धत दुधासाठीच निघाली असणार. तसं नाही बरं का! लुई पाश्चर यांनी ती आधी शोधली ती वाईनसाठी.

मी त्यांच्या वाटेला गेलो ते घरच्या कामामुळे. आमचं गाव औसा तालुक्यात, घरी द्राक्षाची बाग. भाव पडला की वर्षभराची मेहनत मातीमोल. राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली आलं, तेव्हापासून दर हंगामात घरात वाईनची चर्चा होते. यंदा तात्यांनी परवाना काढायचं मनावर घेतलं आणि मला विचारलं, बाटल्या भरायला मशीन कोणतं घ्यावं? पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगला, म्हणजे त्याला सगळं येतंच! कॅटलॉग चाळून डोकं फिरलं, तेव्हा लायब्ररीत पाश्चर यांचं चरित्र हाती लागलं.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या दोल गावी झाला. वडील कातडी कमावायचे. बालपण गेलं आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात. आपल्यासारख्यांना धीर देणारी गोष्ट म्हणजे १८४२ च्या परीक्षेत रसायनशास्त्रात त्यांना जेमतेम शेरा मिळाला! त्याच वर्षी पॅरिसच्या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत नंबर खाली लागला, तर त्यांनी प्रवेशच नाकारला. वर्षभर पुन्हा अभ्यास केला आणि १८४३ मध्ये वरच्या नंबराने आत गेले.

१८५४ मध्ये ते लील शहरात विज्ञान विभागाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी बीटापासून अल्कोहोल बनवणारा एक कारखानदार तक्रार घेऊन आला, माल नासतोय म्हणून. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. आंबवणं हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे, आणि नको ते जीव शिरले की माल बिघडतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना वाईन का बिघडते ते शोधायला सांगितलं. पाश्चर गावी, आर्ब्वाला गेले. तिथे गॅस नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. एका जुन्या कॉफीगृहाच्या खोलीत काम सुरू झालं. उपकरणं बनवली गावच्या सुतार, लोहार आणि पत्रेवाल्याने! त्यांनी काचेच्या नळ्यांत वाईन सीलबंद केली. काठोकाठ भरलेली टिकली. अर्धी भरून हवा ठेवलेलीचा रंग उतरला, तळाशी गाळ बसला. मग बंद बाटल्या साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्या, की आतले नको ते जीव मरतात. १८६५ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं, पण पुढे ते सर्वांसाठी खुलं करून टाकलं. १८६८ मध्ये ब्रेस्ट बंदरातून जहाजावर ५०० लिटर वाईन पाठवली, निम्मी तापवलेली, निम्मी तशीच. दहा महिन्यांनी तापवलेली उत्तम निघाली, दुसरी आंबट होऊ लागली होती.

हे सगळं सुरू असताना घरात काय चाललं होतं? थोरली मुलगी १८५९ मध्येच टायफॉइडने गेली होती. १८६५ आणि १८६६ मध्ये आणखी दोन मुली गेल्या. १८६८ मध्ये त्यांना स्वतःला पक्षाघात होऊन डावी बाजू अधू झाली. तरी काम थांबलं नाही. १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला त्यांनी लस देऊन वाचवलं. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचं निधन झालं.

हे वाचून मी तात्यांसाठी यादी केली, पण मशीनपासून नाही. पहिलं हायड्रोमीटर : साखर संपून रीडिंग काही दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटली भरायची नाही, नाहीतर आतल्या वायूने बाटली फुटते. दुसरं, बाटल्या आणि नळ्या निर्जंतुक करायची सोय. तिसरी, तळापर्यंत जाणारी भरणी नळी, म्हणजे वाईन फेसाळत नाही आणि हवा कमी मिसळते. बुचाखाली साधारण दीड सेंटीमीटरच जागा ठेवायची. मशीन सर्वांत शेवटी. सुमारे २४ मिलिमीटर जाडीचं बूच जबड्यात दाबून १८.५ मिलिमीटरच्या तोंडात बसवायचं असतं. हाताने ठोकायच्या साधनापेक्षा जमिनीवर उभा राहणारा, लांब दांड्याचा कॉर्कर त्याला बरा. थोड्या दिवसांत संपणारा माल असेल तर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकणही चालतं, फक्त बाटलीचं तोंड त्या मापाचं हवं.

आणि होस्टेलवाल्यांनो, परवान्याशिवाय वाईन करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. रूमवर प्रयोग नकोत!

पाश्चर यांच्याकडे भारी उपकरणं नव्हती. पण बाटलीत काय जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी आधी शोधलं. प्रोजेक्टचं सामान आणायला निघताना आपणही आधी तेवढं ठरवलं, तर खर्च वाचेल आणि प्रोजेक्टही चालेल.