मोलोकाईचे फादर डेमियन

देवळाच्या पायरीशीं बसलेल्या कुष्ठरोग्यास पैसा देतांना आपला हात किती उंचावर थांबतो, हें प्रत्येकानें एकदां मनाशीं पाहावें. पैसा पडतो, पुण्य जमेस धरलें जातें आणि मधलें अंतर जेथल्या तेथें राहतें. तें अंतर ज्या एका पुरुषानें आपल्या हयातींत नाहींसें केलें, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तो ख्रिस्ती होता. लोकांस आपल्या पंथांत आणण्याकरितांच तो घराबाहेर पडला होता आणि ही गोष्ट त्यानें कधीं लपविली नाहीं. एवढ्यावरून ज्यांस त्याचें नांवही नकोसें होईल, त्यांनींच हें आधीं वाचावें.

फादर डेमियन यांचें मूळ नांव जोझेफ डी व्हूस्टर. बेल्जियममधील ट्रेमेलो गांवीं ३ जानेवारी १८४० रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी. मुलास त्यांनीं व्यापारी शिक्षणही देवविलें. परंतु मुलगा थोरल्या भावामागोमाग मठांत गेला. भावाची हवाई बेटांकडे नेमणूक झाली आणि ऐन वेळीं तो तापानें अंथरुणास खिळला, तेव्हां त्याच्या जागीं जाण्याची परवानगी ह्यांनीं वरिष्ठांकडे पत्र लिहून मागितली. १८६४ च्या मार्चांत ते होनोलुलूस उतरले.

त्या राज्यांत कुष्ठरोग झपाट्यानें पसरत होता. १८६५ च्या कायद्यान्वयें रोग्यांस धरून मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर नेऊन सोडण्यास १८६६ पासून प्रारंभ झाला. तीन बाजूंस समुद्र, चौथीस उभा कडा. कित्येकदां रोग्याची बायको, नवरा किंवा आई स्वखुषीनें सोबत जाई. अशा सोबत्यांस तेथील लोक कोकुआ म्हणत. ह्या निरोगी माणसांनीं कोणतीही दीक्षा घेतली नव्हती. डेमियन यांची थोरवी गातांना त्यांचें विस्मरण होऊं नये.

१८७३ सालीं बिशपांनीं विचारलें तेव्हां चार पाद्री पुढें आले आणि पाळीपाळीनें जावें असें ठरलें. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे रोजीं ते तेथें पोंचले. दुसऱ्याची पाळी आलीच नाहीं. आरंभींच्या रात्री त्यांनीं केवड्याच्या जातीच्या एका झाडाखालीं काढिल्या. वस्तींत सातआठशें रोगी. जखमांच्या दुर्गंधीनें प्रार्थना अर्धी टाकून बाहेर धांवावें असें त्यांस होई, म्हणून ते तंबाखू ओढूं लागले. मग सुताराचीं हत्यारें हातीं घेतलीं. घरें बांधलीं, नळानें पाणी आणिलें, अनाथ मुलांकरितां आश्रम काढिले, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, खड्डे खणले. रोग्यांच्याच भांड्यांत हात घालून ते जेवले. प्रवचनांत ते श्रोत्यांस बंधू न म्हणतां स्वतःस त्यांच्यांत धरून आम्ही कुष्ठरोगी असें म्हणत, आणि हें अंग धडधाकट असतांना.

सरकारी आरोग्य मंडळानें त्यांस बाहेर जाण्याची मनाई केली. एकदां त्यांचे वरिष्ठ बोटीनें आले, पण त्यांस किनाऱ्यावर उतरूं देईनात. कॅथलिक पंथांत पापनिवेदन एकांतांत, हळू आवाजांत करावयाचें असतें. डेमियन यांनीं तें लहान होडींतून, बोटीवरील सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत केलें.

स्वभावानें ते हट्टी व तापट होते; वरिष्ठांशीं आणि अधिकाऱ्यांशीं त्यांचे खटके उडत. लांकूड, कपडे, औषधें मागण्यांत त्यांनीं भीड धरिली नाहीं. आमच्या मतें हा दोष त्या वस्तीच्या पथ्यावरच पडला.

१८८४ च्या डिसेंबरांत त्यांनीं कढत पाण्यांत पाय घातला. कातडी सोलून निघाली, पण वेदना झाली नाहीं. त्यावरून काय तें त्यांस उमगलें. पुढें चार वर्षें तेंच काम करून १५ एप्रिल १८८९ रोजीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं ते निवर्तले. होनोलुलूच्या एका प्रॉटेस्टंट धर्मगुरूनें लगेच त्यांस गलिच्छ व दुर्वर्तनी ठरविलें. त्या धर्मगुरूचा जाहीर समाचार घेणारे ग्रंथकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हेही प्रॉटेस्टंटच होते.

डेमियन यांच्या स्मरणार्थ लंडनांत फंड उभारला गेला. त्या फंडाचें कमिशन १८९०-९१ त हिंदुस्थानांत फिरलें आणि संसर्गाची भीति अल्प आहे असा अभिप्राय त्यानें दिला. तरीही १८९८ सालीं भिकारी रोग्यांस डांबण्याचा कायदा झालाच. तो २०१६ सालीं रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण तर २०१९ पर्यंत कायम होतें, आणि संयुक्त औषधोपचारानें हा रोग पुरता बरा होऊं लागून तोंवर तीन तपें उलटलीं होतीं. मिशनरी रोग्यांच्या असहायतेचा फायदा घेतात असा आक्षेप आपल्याकडे नेहमीं घेतला जातो. तो सर्वस्वीं पोकळ नाहीं. परंतु त्या दारीं त्यांच्या आधीं आपण कां गेलों नाहीं, ह्याचें उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडून आम्हांस अद्याप मिळालेलें नाहीं.

डेमियन यांचे अवशेष १९३६ सालीं बेल्जियमला नेण्यांत आले आणि २००९ सालीं रोमनें त्यांस संतपद दिलें. त्यांच्या उजव्या हाताच्या अस्थि मात्र १९९५ सालीं मोलोकाईस परत पाठविण्यांत आल्या. तेथील त्यांच्या जुन्या थडग्यांत त्या पुरलेल्या आहेत.