ख्रिस्तवासी अ‍ॅनी फंकबाई
टायटॅनिक आगबोटीचे नाव निघाले की लोक तीवरील धनवानांच्याच गोष्टी सांगतात. हिंदुस्थानातील मुलींस शिकविणाऱ्या एक मेनोनाईट मिशनरी बाईही तीवर होत्या, हे थोड्यांसच ठाऊक असेल. अ‍ॅनी फंक यांचा जन्म १८७४ साली अमेरिकेत झाला. १९०६ साली त्या मध्यप्रांतातील जांजगीर येथे आल्या व तेथे त्यांनी मुलींची लहानशी शाळा काढिली. १९१२ साली आई आजारी असल्याची तार येताच त्या मुंबईहून निघाल्या. इंग्लंडात कोळशाच्या संपामुळे ठरलेली बोट मिळेना, म्हणून टायटॅनिकवर चढल्या. १२ एप्रिल रोजी त्यांस अडतीस वर्षे पूर्ण झाली. १५ एप्रिलच्या पहाटे सुमारे पंधराशे जणांबरोबर त्यांचा अंत झाला. होडीतील आपली जागा त्यांनी एका मातेस दिली, असे सांगतात. त्यास पक्का पुरावा नाही. जांजगीरच्या शाळेस मात्र पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.